खाली कुठं जातं पाणी?

(कामथडी येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी वैशाखात एकत्र येतो, त्यांचं नाव मी मुद्दाम घेत नाही. या गावात नुसतं ‘गुरुजी’ म्हटलं की कोण ते सांगावं लागत नाही, आणि मास्तराला याहून मोठा मान कोणता? मी त्यांच्या हाताखाली शिकलो. मृग लागून ओढे वाहते झाले की गुरुजी अख्खा वर्ग पाण्याच्या कडेला घेऊन जायचे. पळसाचं एक पान तोडायचे, प्रवाहावर अलगद ठेवायचे आणि विचारायचे, “पान कुठं जाईल रे?” आम्ही एका सुरात म्हणायचो, “खाली!” ते पुन्हा विचारायचे, “खाली कुठं?” मग सगळे गप्प. गुरुजी उत्तर कधीच सांगायचे नाहीत. म्हणायचे, “शोधा. सापडलं की मला येऊन सांगा.”

मला ते सापडायला फार वर्षं लागली. सांगायला यावं, तर गुरुजी राहिले नाहीत. म्हणून आज तुम्हाला सांगतो. ‘खाली कुठं?’ एवढाच माझ्या व्याख्यानाचा विषय. चार टप्प्यांनी जाऊ. नदीचा जन्म, नदीची वाट, नदीचे कष्ट आणि नदीचं पावित्र्य. पहिले तीन टप्पे ओलांडल्याशिवाय चौथा कळणार नाही, म्हणून थोडा धीर धरा.

सुरुवात आपल्या गावाच्या नावापासून करू. कामथडी. थडी म्हणजे काठ. भीमेच्या काठचा तो भीमथडी, जिथली तट्टं मराठ्यांच्या घोडदळात नावाजली. गोदेच्या काठची ती गंगथडी. नदीच्या पलीकडचा तीर तो पैलथडी. ज्या गावाच्या नावातच थडी आहे, त्याला आपली ओळख पाण्यावाचून सांगता येत नाही. आपण महामार्गावरचं गाव म्हणून पत्ता सांगतो. चेलाडीचा फाटा सोडला की कामथडी, पुढं कापूरहोळ. पण तो पत्ता रस्त्याचा झाला. गावाचा खरा पत्ता शिवगंगा आणि गुंजवणीच्या खोऱ्याचा आहे. या नद्या नीरेच्या लेकी, म्हणून आज आपण नीरेबद्दल बोलणार आहोत.

आता पहिला टप्पा, जन्म.

भोरहून वरंधा घाटाकडं निघालात की शिरगावजवळ नीरबावी लागते. बाव म्हणजे विहीर. एक दगडी कुंड, आत स्वच्छ पाणी. हे नीरेचं उगमस्थान. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विरस होतो. एवढीशी? हिच्या जिवावर चार-पाच तालुक्यांची शेती? पण कोणतीही आई जन्मली तेव्हा एवढीशीच असते.

तिथून थोडं पुढं घाटमाथ्यावर जा आणि पावसाळ्यात पाच मिनिटं नुसतं उभं राहा. पश्चिमेच्या उतारावर पडलेला थेंब सावित्रीला जातो, महाडच्या अंगानं अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेच्या उतारावर पडलेला थेंब नीरेत येतो आणि थेट बंगालच्या उपसागराची वाट धरतो. दोन थेंब एकाच ढगातले, पडताना दोघांत हातभराचं अंतर. एकाला समुद्र शेजारच्या घरासारखा जवळ. दुसऱ्यापुढं हजार किलोमीटरहून लांब पल्ला, अख्खा दख्खन आडवा तुडवायचा. शास्त्र सांगतं की दख्खनचं पठार पूर्वेकडं कललेलं आहे, म्हणून हे पाणी तिकडं जातं. ते खरंच आहे. पण जवळचा समुद्र पाठीशी टाकून ही नदी कोरड्या मुलखाकडं तोंड करून निघते, हे पाहिलं की मला त्या कलण्यात एक दया दिसते. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिकडं इंदापूर-माळशिरसच्या माळावर जेमतेम पाचशे. ज्यांच्याकडं ढग पोचत नाहीत, त्यांच्याकडं नदी चालत जाते.

नीरा एकटी निघत नाही. वेळवंडी येते, भूतोंड्याच्या बाजूच्या डोंगरांतून. कानंद येते तोरण्याच्या पायथ्यानं. गुंजवणी राजगडाच्या सावलीतून निघते. शिवगंगा सिंहगडाच्या दक्षिणेकडून, खेड-शिवापूरचं खोरं धरून खाली उतरते. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. नाव गडाचं मिळालं, आनंदच आहे. पण गडाइतक्याच जुन्या, गडाहूनही जुन्या या नद्या आहेत, हे विसरायचं नाही.

आपले मावळ कसे ओळखले जायचे, आठवा. कानद मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरं, रोहिड खोरं, हिरडस मावळ, खेडबारं. यातली किती नावं नद्यांची आहेत बघा! डोंगरांच्या दोन रांगांमध्ये एक नदी, नदीभोवती गावं, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक मावळ. राज्यं बदलली, सरहद्दी बदलल्या, तरी मावळाच्या सीमा पाणलोटाच्या सीमा राहिल्या. गुंजण मावळाचे शिळीमकर, कारीचे कान्होजी जेधे, हिरडस मावळातल्या शिंदचे बाजीप्रभू ही माणसं या खोऱ्यांनी घडवली. शिवाजीमहाराजांनी स्वराज्याचा पहिला डाव याच खोऱ्यांत मांडला आणि पुढं पाव शतक राजगडावरून कारभार केला. गडावरचा राजा आणि खोऱ्यातला नाचणी-भात पिकवणारा शेतकरी एकाच पाण्यावर जगत होते.

आणि आपल्या पूर्वजांनी या जन्मस्थळांची काळजी कशी घेतली? प्रत्येक झऱ्याच्या डोक्यावर त्यांनी देव बसवला. देवराई राखली. देवराईतलं लाकूड तोडायचं नाही, वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. का? कोप होतो म्हणून. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी पाणलोटक्षेत्र हा शब्द उच्चारला नसता, पण त्यांना ठाऊक होतं की झाडं गेली की झरा जातो. नदीच्या डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड तुम्ही पाहिले असतील. साती आसरा. मावलाया. माझी आजी तिथं खण-नारळ ठेवायची आणि मला बजावायची, “पाण्यात थुंकायचं नाही. मावलाया बघतात.” मला भीती वाटायची. आज वाटतं, तेवढी भीती आपण आपल्या मुलांना दिली असती तर बरं झालं असतं.

दुसरा टप्पा, वाट.

शिरगावहून उतरलेली नीरा देवघरच्या धरणात विसावते, भोर शहराच्या अंगावरून जाते आणि पुढं वेळवंडीला कवेत घेते. गुंजवणी शिवगंगेला घेऊन खाली येते आणि नीरेत शिरते. वाटेवर नसरापूरला बनेश्वर आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ साली बांधलेलं देऊळ. बनात देव म्हणून बनेश्वर. शंकराच्या पिंडीवर पाणी वाहायचं तर पाणी आधी हवं, पाणी हवं तर बन हवं. देवाच्या नावातच बन आलं, ते का आलं असेल याचा विचार करा.

सारोळ्याचा पूल ओलांडला की आपण सातारा जिल्ह्यात जातो. शिरवळचा सुभानमंगळ भुईकोट नीरेच्याच काठावर होता. पुढं वीर धरण. वीरच्या खाली नीरा गाव. त्यानंतर एका अंगाला बारामती, इंदापूर, दुसऱ्या अंगाला फलटण, माळशिरस. मध्येच सोनगावजवळ कऱ्हा येऊन मिळते. तीच कऱ्हा, जिच्यात सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाला स्नान घालतात. अशी सुमारे दोनशे किलोमीटर वाट चालून नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूरला पोचते. तिथं भीमा भेटते. संगमावर लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ, पायऱ्यांचा घाट आणि दोन नद्यांचं एक झालेलं पाणी. मी तिथं उभा राहून पश्चिमेकडं पाहिलं होतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. गुरुजींचं पान इथवर आलं असणार.

पण पान इथंही थांबत नाही.

संगमानंतर ही नदी भीमा म्हणून पुढं जाते आणि पंढरपुरात वळण घेते. त्या चंद्राकार वळणावर तिला चंद्रभागा म्हणतात. तुमच्या लक्षात येतंय ना, मी काय सांगतोय? कामथडीच्या शिवारात पडलेला पाऊस पंढरपूरच्या वाळवंटात पोचतो. आळंदी आणि देहूची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, आपली नीरा नरसिंहपूरला मिळते, आणि मग सगळ्या जणी मिळून विठोबाच्या पायाशी जातात. वारकरी वर्षातून दोनदा वारीला जातो. आपलं पाणी बारा महिने वारीलाच निघालेलं असतं.

हे काव्य म्हणून सांगत नाही. पंढरपूरकरांना विचारा. पावसाळ्यात चंद्रभागेला पूर येणार का, हे ठरवताना ते दोन धरणांकडं बघतात. एक उजनी, दुसरं वीर. वीरचे दरवाजे उघडले की पंढरपूरच्या घाटावर सावध राहा असा निरोप जातो. म्हणजे आपल्या डोंगरात रात्री पाऊस कोसळला की तिकडं पुंडलिकाच्या देवळाला पाणी लागण्याची चिंता सुरू होते. याहून जवळचं नातं आणखी कोणतं दाखवू?

आणि वारी तर नीरेला प्रत्यक्ष भेटते. आषाढीला निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी वाल्ह्याहून लोणंदकडं जाताना नीरा गावी थांबते. दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात. तो सोहळा ज्यांनी पाहिला, त्यांना शब्द लागत नाहीत. ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी यंदा पाहावा. पादुका पाण्याला लागतात त्या क्षणी दोन्ही काठांवरून “माउली, माउली” असा घोष उठतो. माणसं गुडघाभर पाण्यात उतरतात, ओंजळ भरून डोक्यावर शिंपडतात, तीर्थ म्हणून तोंडात घेतात. तिकडं तुकोबारायांची पालखी सराटीला मुक्काम करते आणि अकलूजला जाण्याआधी तिथं पादुकांना नीरास्नान होतं. महाराष्ट्राच्या दोन थोरल्या पालख्या, वाटा वेगळ्या, आणि दोघींना स्नान घालणारी नदी एकच. ती नदी आपली.

पुढची वाट झरझर सांगतो. भीमा कर्नाटकात शिरते, गाणगापूरला दत्तमहाराजांच्या पायांशी जाते, रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. कृष्णा श्रीशैलमच्या मल्लिकार्जुनाला वळसा घालते, विजयवाड्यावरून जाते आणि आंध्रात हंसलदीवीजवळ समुद्रात विरते. नृसिंह, विठ्ठल, दत्त, मल्लिकार्जुन. एका पळसाच्या पानाला एवढी देवदर्शनं! गुरुजी, उत्तर सापडलं. पण उत्तर सापडल्यावर जबाबदारीही सापडते. तिकडं आपण शेवटी येऊ.

तिसरा टप्पा, कष्ट.

नदी नुसती वाहत नाही, राबते. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. माणसं आणि जनावरं अन्नावाचून गेली. त्या दुष्काळी कामांतून नीरेचा डावा कालवा आकाराला आला आणि १८८५ च्या सुमारास त्याचं पाणी वाहू लागलं. त्या कालव्याला पाणी पुरवायला वेळवंडीवर भाटघरला धरण बांधलं. ते अपुरं पडलं म्हणून तिथंच मोठं धरण उभारलं आणि १९२८ साली ते पुरं झालं. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या लॉइड यांच्या नावावरून त्याला लॉइड धरण म्हणत. आता त्याच्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, आणि ते योग्यच झालं. पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे त्याचे ४५ दरवाजे आजही पावसाळ्यात उघडतात. पुढं वीर, मग नीरा देवघर, मग वेल्ह्यात धानेपजवळचं गुंजवणी धरण. भाटघर सुमारे साडेतेवीस टीएमसी, देवघर पावणेबारा, वीर साडेनऊच्या आसपास, गुंजवणी पावणेचारला थोडं कमी. चारही मिळून सुमारे ४८ टीएमसी.

या पाण्यानं काय केलं? जिथं ज्वारी हाताला लागली तर लागली, तिथं ऊस उभा केला. बारामती, फलटण, माळशिरस, इंदापूरचा कायापालट झाला. साखर कारखाने आले, माळीनगर आलं, वालचंदनगर आलं, सोमेश्वर-माळेगावचे सहकारी कारखाने आले. शाळा, महाविद्यालयं, दवाखाने उभे राहिले. दुष्काळात गाव सोडून परागंदा होणाऱ्या घरांतली मुलं शिकून शहाणी झाली. हे पुण्य नीरेचं आहे. ज्यांना ते मिळालं, त्यांचा मला हेवा वाटत नाही. तहानलेल्याला पाणी मिळालं तर त्याचं वाईट का वाटावं?

पण या पुण्याची किंमत कुणी मोजली? आपण. वरच्या खोऱ्यांनी. भाटघरच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली. काळ्याभोर मातीची खाचरं गेली, देवळं गेली, वाडवडिलांच्या समाधी गेल्या. तेव्हा पुनर्वसनाचा कायदासुद्धा नव्हता. तसा कायदा महाराष्ट्रात यायला १९७६ साल उजाडावं लागलं. शेजारी मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांच्यासोबत तुरुंगात गेले. तो लढा आपल्याला इतिहासातून माहीत आहे. आपल्या खोऱ्यातली माणसं फार बोलली नाहीत. ती डोंगराच्या कडेकडेनं वर सरकली आणि खडकावर नवी घरं बांधली.

आजही उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरलं की वेळवंडीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं. वर्षातले दहा-एक महिने देव पाण्याखाली. पाणी उतरलं की लोक चिखल काढतात, पिंड धुतात, बेल वाहतात, आणि पाऊस लागला की पुन्हा देवाचा निरोप घेतात. म्हातारी माणसं त्या देवळाशी बसून आपलं जुनं घर कुठं होतं ते बोटानं दाखवतात. बोट पाण्याकडं असतं. ज्याला नदीचं पावित्र्य समजून घ्यायचं आहे, त्यानं एकदा त्या बोटाकडं बघावं.

आणि एवढं देऊन वरच्यांना काय मिळालं? आपल्याकडं म्हणच आहे, धरण उशाला आणि कोरड घशाला. आज आपण या सभागृहात बसलो आहोत, वैशाख चालू आहे. याच वेळी वेल्ह्याच्या आणि भोरच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर आया-बहिणी झऱ्यावर रात्री नंबर लावून बसतात, वाटी-वाटीनं हंडा भरतात किंवा टँकरची वाट बघतात. खाली जलाशय चकाकतोय आणि वर कळशी कोरडी! हा अन्याय आहे. मी तो अन्याय म्हणूनच सांगतो. खालच्या शेताला पाणी द्या, जरूर द्या. पण ज्यांनी जमीन दिली, त्यांच्या पिण्याच्या पाण्याचा पहिला घोट राखून द्या. हे मागणं भिकेचं नाही, हक्काचं आहे. आणि खालच्या तालुक्यांतले सुजाण लोक ते नाकारतील असं मला वाटत नाही.

आता चौथा टप्पा, पावित्र्य. इथं जरा सावकाश चालू.

पवित्र नदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काशीची गंगा येते. नाशिकला सिंहस्थात गोदावरीवर लाखो लोक लोटतात. आपल्या डोंगरापलीकडं वाईत कन्यागताच्या वर्षी कृष्णेचा उत्सव होतो. नीरेला असा कुंभ नाही, पर्व नाही, मोठं माहात्म्य नाही. मग ती कमी पवित्र का?

आपल्यातल्या जुन्या माणसांना स्नानाच्या वेळचा श्लोक पाठ असतो. त्यात सात नद्यांची नावं येतात. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. त्यात आपली कृष्णा नाही, भीमा नाही, मग नीरा आणि गुंजवणी कुठून असणार? पण तो श्लोक काय करतो ते नीट बघा. तो त्या सात नद्यांना बोलावतो. कुठं बोलावतो? समोरच्या घंगाळातल्या पाण्यात! ‘तुम्ही सगळ्या या पाण्यात या’ असं म्हणतो. म्हणजे आपल्या पूर्वजांनी पाणी पवित्र करायला गंगेला जाण्याची सक्ती केली नाही. त्यांनी गंगेला आपल्या विहिरीवर बोलावलं. काशीहून गंगा आणली की घरी मावंदं घालायचं, पण रोज न्हाताना मात्र समोरचं पाणीच गंगा मानायचं.

याचा अर्थ काय होतो? ज्या पाण्यात आपण सात नद्यांना बोलावतो, ते त्यांना बोलावण्याजोगं राखणं हे आपलं काम. पाहुणे येणार म्हटलं की आपण अंगण सारवतो, रांगोळी काढतो. सात नद्या येणार, तर त्यांना कसल्या पाण्यात बसवणार आहोत?

आता स्पष्ट बोलतो, रागावू नका. मी कुणा एकाकडं बोट दाखवत नाही, कारण बोट दाखवायचं तर पहिलं स्वतःकडं वळतं. महामार्ग रुंद झाला, वस्ती वाढली, ढाबे, मंगल कार्यालयं, गोदामं, फार्महाऊस उभी राहिली. पोटापाण्याला वाव मिळाला, चांगलं झालं. पण या सगळ्याचं सांडपाणी कुठं जातं? खाली. खाली कुठं? ओढ्यात. ओढा कुठं जातो? नदीत. शिळं अन्न, प्लॅस्टिक, फुटक्या बाटल्या, देव्हाऱ्यातलं निर्माल्य, गणपतीच्या रंगलेल्या मूर्ती, दुकानातला कचरा, फवारणीचे रिकामे डबे. ज्या ओढ्यात आम्ही मृगाच्या पावसात पान सोडलं, त्यात आज पान सोडलं तर ते पिशवीला अडून बसेल. आणि पात्रात भर घालून केलेली बांधकामं? नदी आपला सातबारा विसरत नाही. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, पण ती आपली जागा मागायला येतेच.

आता गुरुजींच्या प्रश्नाचं दुसरं अंग बघा. आपण आजवर ‘खाली कुठं?’ एवढंच विचारत आलो. दत्त घाटावर माउलींच्या पादुकांसमोर उभा असलेला वारकरी मात्र वरच्या दिशेला बघतो. तो विदर्भातून आलेला असेल, मराठवाड्यातून आलेला असेल, त्यानं कामथडीचं नाव कधी ऐकलंही नसेल. तो ओंजळ भरतो आणि डोळे मिटून तोंडाला लावतो. वर कोण राहतं, हे तो विचारत नाही. ती माणसं कशी आहेत, त्यांनी पाण्यात काय सोडलं, हे विचारत नाही. तो विश्वास ठेवतो. तो विश्वास त्याचा आपल्यावर आहे, नाव न घेता ठेवलेला. बंधूंनो, आपण ओढ्यात जे सोडतो ते त्या ओंजळीकडं जातं. माउलींच्या पादुकांकडं जातं. पंढरीच्या वाळवंटाकडं जातं. उगमाजवळच्या माणसाचं पुण्य मोठं असतं, कारण त्याच्या हातात खालच्या सगळ्यांचं पाणी असतं. आणि त्याच कारणानं त्याचं पापही मोठं असतं.

मग करायचं काय? मी फार मोठ्या गोष्टी सांगत नाही. मोठ्या गोष्टींसाठी शासन आहे, निधी आहे, योजना आहेत, आणि त्यांचा पाठपुरावा केलाच पाहिजे. पण चार कामं आपल्या हातातली आहेत. प्रत्येक घराला शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी अंगणातच जिरेल. ओढ्यात गाड्या धुणं, जनावरांची औषधं आणि फवारणीचे डबे टाकणं बंद. निर्माल्य परसातल्या खड्ड्यात, त्याचं खत होऊन देवाचंच झाड वाढेल. आणि ज्या देवराया उरल्या आहेत त्यांच्या हद्दीची मोजणी करून, त्यांच्यात फांदीलाही हात न लावण्याचा ठराव ग्रामसभेनं करणं. मावलायांच्या भीतीनं जे आजी करत होती, ते आपण ठरावानं करायचं. भीती गेली म्हणून शिस्तही जावी, असं कुठं आहे?

तरुणांना एक वेगळं सांगतो. तुम्ही राजगड-तोरण्याच्या मोहिमा काढता, गड साफ करता, पाण्याची टाकी गाळ काढून मोकळी करता. मला तुमचा अभिमान वाटतो. आता गडाच्या पायथ्याशी थांबू नका, त्याच पाण्याबरोबर खाली चला. गडाच्या टाक्यातून झिरपलेलं पाणी गुंजवणीत येतं. गड राखणं आणि नदी राखणं ही दोन कामं नाहीत. शिवकाळातही नव्हती.

शेवटी एक विनंती करतो आणि थांबतो. महिन्या-दीड महिन्यात आषाढीचा सोहळा सुरू होईल. ज्या दिवशी माउलींच्या पादुका नीरेच्या दत्त घाटावर स्नानाला उतरतील, त्या दिवशी सकाळी आपण सगळ्यांनी, घरातल्या लेकरांना बरोबर घेऊन, आपापल्या काठावर जायचं. तांब्या घासूनपुसून न्यायचा आणि आपल्या नदीचं पाणी त्यात भरायचं. मग तो घरी आणून देव्हाऱ्यात ठेवायचा, घरातल्या सगळ्यात लहान लेकराच्या हातावर त्यातलं तीर्थ द्यायचं.

तुमचा हात धजला, तर नीरा पवित्र आहे असं खुशाल म्हणा. हात थांबला, तर वारकऱ्याला ते पाणी पाजण्याआधी वर्षभर काय करायचं आहे, ते त्या थांबलेल्या हाताला विचारा. आणि पुढच्या वैशाखात पुन्हा भेटू, तेव्हा त्या तांब्याचं काय झालं ते मला येऊन सांगा. गुरुजी असंच म्हणाले असते.